वखारीतल्या बायका कुठल्या रकान्यात? एका पद्धतशीर आढाव्याच्या छाननीचं प्रकरण

निपाणी भागात तंबाखूवर पोट असलेल्या घरांत खोकला हा आजार म्हणून सांगितला जात नाही. विचारलं तर 'असतंयच की' म्हणून बाई दुसरं बोलायला लागते. त्या खोकल्याचा आणि तंबाखूच्या धुळीचा संबंध नेमका किती, याबद्दल आजवर जे छापून आलंय ते सगळं शोधावं, एकाच मापाने तपासावं आणि त्यातून जेवढं ठामपणे म्हणता येईल तेवढंच म्हणावं, या हेतूने बेळगावातल्या आमच्या छोट्या गटाने एक पद्धतशीर आढावा हाती घेतला. गटात चौघं होतो. समुदाय वैद्यकशास्त्रात एमडी करणारी निपाणीची एक डॉक्टर, अथणीकडचे नर्सिंग शिकवणारे एक सर, एक संख्याशास्त्रज्ञ आणि पद्धतीची बाजू सांभाळणारी मी.

हे प्रकरण आढाव्याच्या निष्कर्षांचं नाही, छाननीचं आहे. म्हणजे शोधातून आलेल्या नोंदींतून कोणते शोधनिबंध आत घ्यायचे आणि कोणते बाहेर ठेवायचे, त्या टप्प्याचं. छाननी ही कारकुनी आहे, नव्या विद्यार्थ्याला दोन आठवडे बसवलं की होते, असं अनेक ठिकाणी समजतात. मला ते अजिबात पटत नाही. पुढचं गणित कितीही नेटकं असलं, तरी जो अभ्यास छाननीत गळला तो त्या गणितात कधीच येत नाही, आणि गळला हे वाचणाऱ्याला कळतही नाही. ज्या निबंधांमुळे वाद झाला त्यांची नावं इथे मुद्दाम दिलेली नाहीत. चूक त्या निबंधांची नव्हती.

प्रश्न आम्ही असा मांडला होता. विडी कामगारांमध्ये, हे काम न करणाऱ्यांच्या तुलनेत, श्वसनाच्या तक्रारी जास्त असतात का आणि फुफ्फुसांची क्षमता कमी असते का? क्षमता म्हणजे स्पायरोमेट्रीत मोजतात ती: पहिल्या सेकंदात जोराने बाहेर टाकलेली हवा आणि एकूण बाहेर टाकलेली हवा. प्रोटोकॉल, म्हणजे आढाव्याचा आधी लिहून ठेवलेला आराखडा, प्रोस्पेरोवर नोंदवला. ही आढाव्यांची जाहीर नोंदवही इंग्लंडमधल्या यॉर्क विद्यापीठाने २०११ साली सुरू केली. आपण काय शोधणार आणि काय घेणार हे आधी जाहीर करायचं, म्हणजे नंतर सोयीचं तेवढं उचलता येत नाही, हा तिचा उपयोग.

शोध पबमेड, एम्बेस आणि स्कोपस या शोधनिबंधांच्या सूचींमध्ये घेतला, शिवाय भारतीय प्रबंधांसाठी शोधगंगा पाहिलं. विडी या शब्दाची रोमन अक्षरांतली रूपं अनेक आहेत. कोणी एक 'आय' लिहितो, कोणी दोन 'ई', आणि बंगालकडचे लेखक 'ड' च्या जागी 'र' लिहितात. यातलं एक जरी रूप राहिलं तरी त्या प्रांतातले अभ्यास बाहेर राहतात, म्हणून सगळी घेतली. त्याचा परिणाम असा की नोंदींचा ढीग मोठा झाला आणि त्यातला बहुतांश भाग विडी ओढणाऱ्यांचा निघाला. विडी आणि फुफ्फुसाचा कर्करोग, विडी आणि हृदयविकार, विडी आणि तोंडाचा कर्करोग. विडी वळणाऱ्यांवरचे निबंध त्या ढिगात विखुरलेले, फार थोडे. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरते.

छाननी दोघांनी स्वतंत्रपणे करायची, हे ठरलेलंच होतं. डॉक्टर आणि सर. साधन रय्यान वापरलं. ते कतारमध्ये तयार झालेलं आहे, ब्राउझरमध्ये चालतं आणि त्यात एकाचा निर्णय दुसऱ्याला दिसणार नाही अशी सोय आहे. दोन माणसं कशाला, एक पुरे नाही का, असं खर्च मंजूर करणाऱ्यांकडून नेहमी ऐकू येतं. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका यादृच्छिक चाचणीत नेमकं हेच तपासलं होतं. गोषवारे एकाच माणसाने चाळले तर घेण्याजोग्या अभ्यासांपैकी सुमारे १३ टक्के निसटले. दोघांनी चाळले तेव्हा निसटण्याचं प्रमाण ३ टक्क्यांच्या आसपास आलं. औषधांवरच्या आढाव्यात, जिथे निबंध भरपूर असतात, तिथे हे कदाचित खपून जाईल. आमच्या विषयात निबंधच मोजके. त्यातला एखादा गेला तर एखाद्या अख्ख्या गावाची माहिती गेली.

सगळा ढीग हाती घेण्याआधी पहिल्या १०० नोंदींवर चाचणी घेतली. दोघांनी स्वतंत्रपणे निर्णय दिले आणि मग पडदा काढला. वरवर पाहता मतं जुळलेली होती. बहुतेक नोंदींवर दोघांचं एकमत. सर म्हणाले, "मॅडम, चांगलं जमलंय की. पुढचं सुरू करूया." संख्याशास्त्रज्ञांनी थांबवलं आणि 'कप्पा' हे दोघांमधल्या एकमताचं माप काढून दाखवलं. ते समाधानकारक नव्हतं.

हा कप्पा काय सांगतो ते इथे नीट सांगते, कारण अनेक प्रबंधांत तो आकडा नुसता चिकटवलेला असतो. समजा १०० नोंदींत दोघांनी मिळून ४ नोंदी 'घ्या' म्हटल्या, ८८ 'सोडा' म्हटल्या, आणि उरलेल्या ८ वर मतभेद: ४ फक्त एकाने घेतलेल्या, ४ फक्त दुसऱ्याने. एकमत ९२ टक्के. ऐकायला उत्तम. पण दोघंही जवळजवळ सगळंच 'सोडा' म्हणत असतील तर न वाचताही बरंचसं एकमत आपोआप होतं. या उदाहरणात ते आपोआपचं एकमत ८५ टक्क्यांच्या वर जातं. ते वजा केलं की कप्पा ०.४६ उरतो, आणि प्रचलित वर्गवारीत तो फक्त 'मध्यम' ठरतो. आता तेच ९२ टक्के एकमत, पण ४० नोंदी दोघांनी घेतलेल्या आणि ५२ सोडलेल्या असत्या, तर कप्पा ०.८४ आला असता. कोहेन यांनी १९६० साली हे माप सुचवलं, आणि घेण्याजोग्या नोंदी विरळ असल्या की ते असं खाली घसरतं, हेही बऱ्याच काळापासून माहीत आहे. म्हणून कमी कप्पा दिसला की छाननी वाईट झाली असं लगेच म्हणू नये. पण मतभेद कुठे आहेत ते उघडून पाहिल्याशिवाय पुढेही जाऊ नये. त्या आठ नोंदींपैकी चार नोंदी त्या आढाव्यात घ्यायच्या असू शकतात, आणि दोघांनी मिळून घेतलेल्या नोंदीही चारच आहेत. म्हणजे वाद साहित्याच्या काठावर नाही, ऐन मध्यावर आहे.

आमचेही मतभेद आम्ही एकेक उघडले. काही किरकोळ होते. एकाने थकव्यात चुकीचं बटण दाबलेलं, किंवा गोषवारा नसलेली जुनी नोंद एकाने नुसत्या शीर्षकावरून सोडून दिलेली. त्यासाठी नियम साधा आहे: गोषवारा नाही, तर निर्णय नाही, नोंद पुढे जाते. एक मतभेद मात्र पुन्हा पुन्हा त्याच जागी येत होता. ज्या गोषवाऱ्यांत विडी वळणारे नव्हते, तर तंबाखूच्या वखारीत तो चाळणारे, निवडणारे, पोत्यात भरणारे होते, ते सगळे डॉक्टरने घेतले होते आणि सरांनी सोडले होते.

"सर, माझी मावशी वखारीत जाते," डॉक्टर म्हणाली. "जर्दा चाळते. तिला विडी कामगार म्हणायचं नाही तर काय म्हणायचं?"

"डॉक्टर, मावशीचं मला पटतं हो. पण प्रोटोकॉलमध्ये काय लिहिलंय ते बघा. विडी कामगार लिहिलंय. ज्यात विडीच नाही ते मी कसं घेऊ?"

दोघंही प्रामाणिक होते आणि दोघांनीही एकच वाक्य वाचलं होतं. निपाणीत वाढलेल्या मुलीला वखार आणि विडी वेगळी दिसत नाहीत. अथणीकडे शेती उसाची, तिथल्या माणसाला वखारीतलं काम डोळ्यांसमोर येत नाही, त्यामुळे त्याने शब्दाला शब्द लावला. अशा वेळी बहुतेक गटांत तिसऱ्या माणसाचं मत घेतात, ते ज्या बाजूला पडेल तसं करतात आणि पुढे निघतात. तो अधिकार माझ्याकडे होता. मी मत दिलं नाही. एकाच ठिकाणी वारंवार येणारा मतभेद माणसांमधला नसतो, तो नियमातला असतो. नियम तसाच ठेवून मी प्रत्येक नोंदीवर मत देत गेले असते, तर तो आढावा प्रत्यक्षात माझ्या अंदाजावर उभा राहिला असता आणि वाचकाला त्याचा पत्ताही लागला नसता.

डॉक्टरने त्या संध्याकाळी मावशीला फोन लावला. स्पीकरवर. वखारीतल्या आणि विड्या वळणाऱ्या बायका वेगळ्या का, एवढंच विचारलं. मावशी म्हणाली, "वखारीचं काम काय बारा म्हैनं असतंय व्हय? हंगाम सरला की घरात विड्या वळत बसायचं. बाई तीच. तुमी दोन कशापाय करताय?" मग तिने वखारीतलं काम सांगितलं. चाळण हलवताना तोंडाला पदर घट्ट बांधायचा, तरी शिंका थांबत नाहीत. नवी पोरगी आली की पहिले काही दिवस तिचं डोकं गरगरतं. संध्याकाळी घरी येऊन आधी लुगडं झटकायचं, मग पोराला घ्यायचं.

एका मावशीच्या सांगण्यावरून आढाव्याचे नियम बदलत नाहीत, आणि ते आम्ही केलंही नाही. पण तिच्या बोलण्यातून एक गोष्ट उघडी पडली जी आमच्या प्रोटोकॉलमध्ये लपून राहिली होती. आमचा प्रश्न फुफ्फुसांचा होता आणि गट आम्ही धंद्याच्या नावाने बांधला होता. कायद्याची व्याख्या घ्यावी का, हेही पाहिलं. १९६६ चा विडी आणि सिगार कामगार कायदा (२०२५ साली त्याची जागा नव्या श्रमसंहितेने घेतली) घरी बसून विड्या वळणाऱ्यांनाही कामगार मानत होता, आणि विडीसाठी होणाऱ्या आनुषंगिक प्रक्रियाही त्याच्या व्याख्येत येत होत्या. मजुरी, रजा, कल्याणनिधी यांसाठी ती व्याख्या मोलाची होती आणि या भागातल्या बायकांनी ती पदरात पाडून घेण्यासाठी खूप सोसलं आहे. श्वासनलिकेच्या बाबतीत मात्र प्रश्न वेगळा. आत काय जातं? विडी वळणारीच्या मांडीवरच्या सुपात वाळलेला, कुटलेला तंबाखू असतो. वखारीत चाळणाऱ्या बाईसमोर तोच तंबाखू, धूळ त्याहून जास्त. शेतात ओली पानं तोडणाऱ्याचं तसं नाही. त्याला त्रास होतो तो ओल्या पानांवरचं निकोटिन कातडीतून आत गेल्याने. मळमळ, उलटी, चक्कर. त्या आजाराला इंग्रजीत हिरव्या तंबाखूचा आजार म्हणतात आणि त्याचा रस्ता फुफ्फुसातून जात नाही.

म्हणून नियम पुन्हा लिहिला. 'विडी कामगार' काढलं. त्या जागी आलं: कामाचा भाग म्हणून वाळलेल्या तंबाखूची धूळ श्वासावाटे घेणारी प्रौढ व्यक्ती, मग काम वळण्याचं असो, चाळण्याचं, प्रतवारीचं, भरण्याचं की कारखान्यातलं. फक्त ओल्या पानांची तोडणी करणारे बाहेर. शेतकरी पानं वाळवून कुटण्याचंही काम करत असेल, तर आत.

सरांनी लगेच पुढचा मुद्दा काढला, आणि तो बिनतोड होता. "मग सिगारेटचे कारखाने पण आले की. परदेशातले सुद्धा." आले. तंबाखूच्या धुळीवरचे श्वसनाचे अभ्यास युगोस्लाव्हियात १९७० च्या दशकापासून झालेले आहेत, तिथल्या कारखान्यांतल्या कामगारांवर. धूळ हा निकष धरल्यावर त्यांना बाहेर ठेवायला कारण उरत नाही. काम वाढलं म्हणून निकष वाकवायचा नाही, एवढं आम्ही पाळलं. मात्र निपाणीच्या झोपडीतली बाई आणि झाग्रेबच्या कारखान्यातला कामगार यांचे आकडे एकाच सरासरीत ओतायचे नाहीत, हेही तेव्हाच लिहून ठेवलं. घरातलं वळणं, वखार आणि यांत्रिक कारखाना असे तीन उपगट आधीच ठरवले.

संख्याशास्त्रज्ञांचा आक्षेप मला सगळ्यात मोलाचा वाटला. छाननी सुरू झाल्यावर नियम बदलतोय, आणि गोषवारे वाचताना निकाल तर डोळ्यांखालून जातातच. मग आपण आपल्याला हवे ते अभ्यास आत ओढतोय असं कोणी म्हटलं तर? 'आम्ही निकाल पाहिलेच नाहीत' हे उत्तर खोटं ठरलं असतं, म्हणून ते आम्ही दिलं नाही. जे करता येतं ते केलं. बदल कोणत्या तारखेला, कोणत्या टप्प्यावर आणि का केला हे प्रोस्पेरोवरच्या नोंदीत घातलं. चाचणीतल्या नोंदींसकट सगळा ढीग नव्या नियमाने पहिल्यापासून चाळायचं ठरवलं, फक्त वादग्रस्त नोंदी नव्हे. आणि शेवटच्या विश्लेषणात जुना, अरुंद गट वेगळा काढूनही उत्तर दाखवायचं कबूल केलं, म्हणजे नियम बदलल्याने उत्तर बदललं का, हे वाचणारा स्वतः पाहू शकेल.

यानंतरची गोष्ट बरेच गट विसरतात, आणि हे प्रकरण लिहायला घेण्याचं माझं मुख्य कारण तेच आहे. छाननीचा नियम रुंद केला, तर शोधही पुन्हा घ्यावा लागतो. आमचा पहिला शोध विडीच्या सगळ्या रूपांवर बांधलेला होता. त्यात वखारीचे जे निबंध सापडले ते केवळ गोषवाऱ्यात कुठेतरी विडीचा उल्लेख होता म्हणून. ज्यात तो नव्हता ते आमच्या ढिगात आलेच नव्हते. तेवढ्यावरच नवा नियम चालवला असता, तर वखारीतल्या बायकांचा एक अर्धवट, योगायोगाने जमलेला गट तयार झाला असता, आणि कागदावर मात्र 'सर्व तंबाखू कामगार' असं दिसलं असतं. अरुंद पण पूर्ण गट त्यापेक्षा बरा. त्यामुळे तंबाखूची धूळ, तंबाखू प्रक्रिया, तंबाखू कारखाना, व्यावसायिक संपर्क अशा शब्दांनी नवा शोध घेतला, जुन्याशी जोडला, दुहेरी नोंदी काढल्या आणि छाननी पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. वेळ गेला. मार्गदर्शकांची थोडी नाराजीही झाली. पण दुसरा मार्ग नव्हता.

याच सुमारास यंत्राची मदत घ्यावी का, हे निघालं. उत्रेख्त विद्यापीठात तयार झालेलं एएसरिव्ह्यू हे मुक्त साधन आहे. त्याबद्दलचा निबंध २०२१ साली आला. माणूस जसजसे निर्णय देतो तसतसं ते शिकतं आणि घेण्याजोग्या वाटणाऱ्या नोंदी वर आणतं. हे तंत्र कामाचं आहे, मोठ्या ढिगात मी ते वापरायला सांगेन. पण आमच्या बाबतीत क्रम बघा. चाचणीच्या वेळचे सरांचे निर्णय त्याला शिकवले असते, तर 'चाळणे', 'प्रतवारी', 'वखार' हे शब्द असलेल्या नोंदी त्याने तळाशी ढकलल्या असत्या. आणि बराच वेळ काही कामाचं दिसलं नाही की माणूस थांबतो. नियम पक्का झाल्याशिवाय यंत्राला शिकवायचं नाही, असं आम्ही ठरवलं. नंतर नोंदी एवढ्या होत्या की दोघांनी हाताने चाळणं शक्य होतं, म्हणून तसंच केलं.

दुसऱ्या फेरीत मतभेद राहिले, पण पसरून राहिले, एका जागी साचले नाहीत. छाननी नीट चालल्याची ती खूण मी मानते.

या फेरीत एक सवय मोडावी लागली. डॉक्टर आणि सर दोघंही गोषवारा वाचतानाच अभ्यासाचा दर्जा तोलू लागले होते. 'चुलीच्या धुराचा विचारच केलेला नाही, सोडा.' 'मिश्री लावणाऱ्या बायका वेगळ्या काढलेल्या नाहीत, सोडा.' आक्षेप खरे आहेत. आपल्याकडे जी बाई दिवसभर तंबाखू हाताळते तीच पहाटे आणि संध्याकाळी लाकडाच्या चुलीपुढे बसते, आणि खोकल्यात कोणाचा वाटा किती हे सांगणं अवघड असतं. पण ते तोलायची जागा पुढे आहे, प्रत्येक अभ्यासातल्या पक्षपाताचा धोका तपासताना. छाननीत फक्त एवढंच विचारायचं: हा अभ्यास आमच्या प्रश्नाबद्दल आहे का? कच्चा अभ्यास आत येऊ द्यावा, त्याचा कच्चेपणा सगळ्यांसमोर मांडावा. दारातच परत पाठवला तर तो कच्चा होता हे कोणाला कळणारही नाही. आढाव्यांची पद्धत ठरवणाऱ्या कोक्रेन या संस्थेच्या नियमांतही असंच आहे, की आकडे वापरण्याजोगे दिलेले नाहीत एवढ्यावरून अभ्यास वगळू नये. स्पायरोमेट्री केली, पण गोषवाऱ्यात फक्त कंबरदुखीचे आकडे दिले, असं विडी कामगारांवरच्या निबंधांत सहज घडू शकतं. मजकूर उघडल्याशिवाय ते दिसत नाही.

पूर्ण मजकुराच्या टप्प्यावर कारणं लिहावी लागतात. आढावा कसा मांडावा हे सांगणाऱ्या प्रिझ्मा २०२० या नियमावलीनुसार गोषवाऱ्यावर सोडलेल्यांची संख्या पुरे, पण पूर्ण मजकूर वाचून सोडलेल्या प्रत्येकाचं कारण द्यायचं. एकाच निबंधाला चार कारणं लागू पडतात, मग दोघं वेगवेगळी कारणं लिहितात आणि नसलेला वाद उभा राहतो. आम्ही क्रम ठरवून टाकला: आधी माणसं, मग संपर्क, मग मोजलेली गोष्ट, मग अभ्यासाची रचना. पहिलं लागू पडलेलं कारण लिहायचं आणि थांबायचं.

त्याहून जास्त वेळ एकाच अभ्यासाच्या अनेक निबंधांनी खाल्ला. त्याच गावातल्या त्याच बायका, एकदा खोकल्याबद्दल, एकदा फुफ्फुसांच्या क्षमतेबद्दल, आणि लेखकांचा क्रम बदललेला. मोजायचा असतो अभ्यास, निबंध नव्हे. याचा परिणाम किती होतो ते उलट्या थांबवणाऱ्या ऑनडॅन्सेट्रॉनच्या बाबतीत १९९७ साली दाखवलं गेलं. बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकातल्या त्या विश्लेषणात असे लपलेले दुहेरी निकाल धरल्यामुळे औषधाचा गुण २३ टक्के फुगून दिसत होता. डॉक्टरने यासाठी गाव, सर्वेक्षणाचा काळ, वयोगट आणि नैतिक समितीच्या मंजुरीचा तपशील यांचा एक तक्ता केला, आणि ज्या निबंधांत हे जुळलं ते एकाच अभ्यासाखाली बांधले.

भाषेची अट आम्ही सुरुवातीला 'फक्त इंग्रजी' अशी ठेवली होती, बाकीचे ठेवतात म्हणून. सर कन्नड सराईतपणे वाचतात, आम्ही बाकीचे मराठी, आणि हा धंदा ज्या पट्ट्यात आहे तिथल्या समाजकार्य आणि अर्थशास्त्राच्या विभागांतून कन्नड नि मराठीत प्रबंध लिहिले जातात. सीमेवरच्या गटाला जे सहज जमतं ते पुण्या-बेंगळुरूच्या गटाला भाडोत्री अनुवादकाकडून करून घ्यावं लागेल. अट काढून टाकली. असे बहुतेक प्रबंध मजुरी आणि कौटुंबिक स्थितीचेच असतात, आणि आमच्या प्रश्नासाठी सोडावे लागतात, पण वाचून सोडणं आणि भाषेमुळे न उघडणं यात फार फरक आहे.

सगळ्यात अडचणीचे ठरले ते मिश्र गट. निबंधात नुसतं 'तंबाखू कामगार' आणि त्यात तोडणी करणारे, वखारीतले आणि वळणारे, सगळे एकत्र. कोण किती, ते दिलेलं नाही. इथे मावशीचं बोलणं पुन्हा उपयोगी पडलं. हंगामाप्रमाणे काम बदलत असेल, तर 'वळणाऱ्या' म्हणून नोंदलेल्या बाईने गेल्या उन्हाळ्यात वखारीत काय केलं, हे लेखकांनी विचारलं होतं का? आणि तुलनेसाठी घेतलेली शेजारची बाई, जिच्या घरात सासू विड्या वळते, ती खरंच संपर्काबाहेरची का? म्हणून माहिती उतरवून घेण्याच्या तक्त्यात कामाचा रकाना चार पर्यायांचा केला, चौथा 'हंगामाप्रमाणे दोन्ही'. आणि तुलनेच्या गटातल्या घरांत तंबाखू येतो का, हा प्रश्न वेगळा घातला.

मिश्र गटांच्या निबंधांच्या लेखकांना पत्रं पाठवली आहेत: कामानुसार वेगळे आकडे मिळतील का, एवढंच विचारणारी, सोबत रिकामा तक्ता जोडून, म्हणजे त्यांना फक्त भरायचं काम राहील. ज्यांचा पूर्ण मजकूर डेलनेट या ग्रंथालयांच्या जाळ्यामार्फतही मिळाला नाही आणि ज्यांचं उत्तर यायचं आहे, ते निबंध आम्ही सोडलेल्यांत टाकलेले नाहीत. त्यांचा वेगळा चौकोन ठेवला आहे, 'वर्गीकरण बाकी' असा, आणि किती निबंध आले, किती गळले हे दाखवणाऱ्या प्रवाहचित्रात तो तसाच छापला जाईल. सरांना तो नको होता, चित्र अपुरं दिसतं म्हणून. डॉक्टरने तो ठेवायला लावला, आणि यावेळी मीही तिच्या बाजूने मत दिलं.